निम्रोद: बदनाम राजाचं नाव मुलांना कसं मिळालं

इस्रायलमध्ये निम्रोद नावाचा माणूस भेटला तर कोणी वळून पाहत नाही. जलतरणपटू निम्रोद शापिरा बार-ओर २००८ च्या बीजिंग आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पोहला. रेषीय प्रोग्रॅमिंगच्या गणितात मोठं काम करणारे निम्रोद मेगिद्दो १९७२ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातून पीएच.डी. झाले. पण सव्वाशे वर्षांपूर्वी एखाद्या ज्यू घरात बाळासाठी हे नाव सुचवलं असतं, तर घरातल्या म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले असते. जवळपास दोन हजार वर्षं हे नाव सगळ्यांना पाठ होतं आणि तरी ज्यू घरांत ते पोराला ठेवायचं नव्हतं. मग विसाव्या शतकात ते अचानक पाळण्यात कसं आलं?

बायबलमधल्या ‘उत्पत्ति’च्या दहाव्या अध्यायात नोहाच्या वंशाची लांबलचक जंत्री आहे. बापाचं नाव, मुलांची नावं, पुढे चला. त्या ओघात कूशचा मुलगा निम्रोद येतो आणि जंत्री लिहिणारा चार ओळी थबकतो. हा पृथ्वीवरचा पहिला पराक्रमी पुरुष, परमेश्वरासमोर बलवान पारधी. शिनार देशातली बाबेल, एरेक आणि अक्काद ही त्याच्या राज्याची सुरुवात, आणि निनवे व कालह या नगरांशीही त्याचं नाव जोडलेलं. पुढे मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकात अश्शूरच्या जोडीने ‘निम्रोदाचा देश’ येतो, एका वंशावळीत नुसतं नाव येतं, आणि बायबलमधला निम्रोद तिथेच संपतो. या सगळ्यात निंदेचा एकही शब्द नाही. आकाशाला भिडू पाहणारा बाबेलचा बुरूज त्याने बांधल्याचा उल्लेख नाही, ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम याला छळल्याचाही नाही. छळणार तरी कसा? नोहापासून मोजलं तर निम्रोद तिसऱ्या पिढीतला आणि अब्राहाम दहाव्या.

बदनामी झाली ती मागाहून. पहिल्या शतकातला इतिहासकार योसेफस याने बुरुजाचं सगळं खापर निम्रोदावर फोडलं: देवाविरुद्ध लोकांना चिथावणारा हाच. रब्बींनीही, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनीही, त्याच्या नावात ‘मेरेद’, म्हणजे बंड, हा धातू ऐकला आणि मग त्याला बंडखोर ठरवायला वेगळा पुरावा लागला नाही. ‘बेरेशीत राब्बा’ या प्राचीन टीकाग्रंथात तो अग्निपूजक होऊन बालवयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या अब्राहामाशी वाद घालतो आणि हरल्यावर त्याला भट्टीत टाकतो. कथा म्हणून हे फारच उत्तम आहे. एकेश्वरवादाच्या पहिल्या माणसासमोर तितकाच तगडा खलनायक हवा होता, आणि जंत्रीतला एक जवळजवळ रिकामा राजा हाताशी होता.

इस्लामी परंपरेतही तो ‘नमरूद’ म्हणून पोहोचला. कुराणात इब्राहीमशी, म्हणजे अब्राहामाशी, हुज्जत घालणाऱ्या राजाचं नाव दिलेलं नाही, पण भाष्यकारांनी तो नमरूदच असल्याचं सांगितलं. एक क्षुद्र डास नाकावाटे मेंदूत शिरून त्याचा जीव घेतो, ही त्याच्या अंताची लोककथा दूरवर पसरली. उर्दूत जुलमी सत्तेला आजही ‘नमरूद की खुदाई’ म्हणतात. तुर्कस्तानातल्या उर्फा शहरात एक तळं आहे. इब्राहीमला टाकलेल्या आगीचं पाणी झालं आणि लाकडांचे मासे, असं तिथे सांगतात. त्या तळ्यातले मासे कोणी खात नाही.

आता गंमत अशी की हे नाव मुळात हिब्रू आहे का, याचीच अभ्यासकांना शंका आहे. मेसोपोटेमियाचा युद्ध आणि शिकारीचा देव निनुर्ता, अश्शूरचा राजा तुकुल्ती-निनुर्ता पहिला, अक्कादचा सार्गोन असे बरेच जण ‘मूळ निम्रोद’ म्हणून पुढे केले गेले. यांपैकी कोणावरही एकमत नाही, आणि या नावाचा राजा कोणत्याही शिलालेखात सापडलेला नाही. ऑस्टिन हेन्री लेयार्डने १८४५ मध्ये टायग्रिसच्या काठी ज्या टेकाडावर खोदायला सुरुवात केली, त्याला स्थानिक लोक ‘निमरूद’ म्हणत. आपल्याला निनवे सापडलं असं लेयार्डला वाटलं होतं. प्रत्यक्षात ते कालह निघालं, म्हणजे उत्पत्तीच्या त्या यादीतलंच नगर. तिथल्या राजवाड्याचे अवशेष २०१५ मध्ये इस्लामिक स्टेटने उडवून दिले.

ज्यू घरांत नाव ठेवण्याचा एक जुना दंडक आहे. नीतिसूत्रांत म्हटलंय की नीतिमानाचं स्मरण आशीर्वादाचं, पण दुष्टांचं नाव कुजतं. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात यावर थेट खुलासा आहे: कुजतं म्हणजे ते नाव पुढे कोणी मुलांना ठेवत नाही. त्यामुळे पिढ्यानपिढ्या ठरलेली नावं फिरत राहिली. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंकडेही तेच. सामाजी म्हणजे शमुवेल, हसाजी म्हणजे यहेज्केल, इसाजी म्हणजे इसहाक. मुंबईत १७९६ मध्ये पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळ, बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हे इंग्रजी कागदपत्रांत सॅम्युएल इझिकिएल दिवेकर आहेत. नावाला मराठी ‘जी’ लागला, पण माणूस संदेष्ट्यांच्याच यादीतला राहिला.

स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंकडे तर निम्रोद प्रत्येक सुंतेच्या समारंभाला हजर असायचा. त्यांच्या लादिनो भाषेतलं एक लोकप्रिय गाणं निम्रोद राजापासूनच सुरू होतं: राजा रानात जातो, आकाश पाहतो, ज्यू वस्तीवर त्याला एक पवित्र तेज दिसतं आणि अब्राहाम जन्माला येणार हे त्याला कळून चुकतं. बाळाचं नाव ठेवण्याच्या त्याच समारंभात हे गाणं म्हणायचं, फक्त नाव मात्र अब्राहामाच्या बाजूचं निवडायचं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅलेस्टाइनमध्ये हिब्रू पुन्हा घरात बोलली जाऊ लागली, तेव्हा नावांचंही वारं बदललं. आधुनिक हिब्रूचा अध्वर्यू एलिएझर बेन-येहूदा याचा १८८२ मध्ये जन्मलेला मुलगा पुढे इतामार बेन-आवी म्हणून प्रसिद्ध झाला. इतामार हे बायबलमधल्या एका फारशा लक्षात न राहणाऱ्या याजकाचं नाव. युरोपातल्या वस्त्यांतली मोइशे, खाइम, मेंडेल ही नावं नव्या पिढीला वाकलेल्या पाठीची वाटत. त्यांना माती, शस्त्र, रान यांचा वास असलेली नावं हवी होती. बायबल वाचलं जात होतंच, पण रब्बींच्या टीकेशिवाय, इतिहास आणि भूगोल म्हणून. असं वाचलं की खलनायक वेगळे दिसू लागतात. ओम्री राजाने आधीच्या सगळ्यांपेक्षा वाईट कृत्यं केली असं ‘राजे’ पुस्तक सांगतं, पण शोमरोन नगर वसवणारा आणि परक्या शिलालेखांत नाव कोरलं गेलेला राजाही तोच. आज ओम्री हे इस्रायलमध्ये अगदी रुळलेलं नाव आहे, माजी पंतप्रधान आरिएल शॅरोन यांच्या मुलाचंही तेच. अब्राहामाने घराबाहेर काढलेली दासी हागार मुलींच्या नावात आली, आणि अनात ही तर सरळसरळ कनानी देवी.

आपल्याकडच्या वाचकाला हे फार परकं वाटू नये. पुराणाने ज्याला पाताळात घातलं, त्याचंच राज्य यावं म्हणून आपण दिवाळीत ओवाळतोच.

निम्रोदाच्या बाबतीत मात्र या बदलाला एक नेमकी वस्तू मिळाली. बर्लिनमध्ये १९१६ साली जन्मलेला यित्झाक दान्त्सिगर लहानपणीच जेरुसलेमला आला, पुढे लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकला. परत आल्यावर १९३९ च्या सुमारास त्याने निम्रोदाचा पुतळा घडवला. दगड जॉर्डनमधल्या पेट्राचा, तांबूस न्युबियन वालुकाश्म. उंची मीटरभरही नाही, तरी छायाचित्रात पाहिलं तर माणूसभर वाटतो. उघड्या अंगाचा सडपातळ तरुण, खांद्यावर ससाणा, पाठीमागे धनुष्य, चेहरा इजिप्तच्या आणि मेसोपोटेमियाच्या मूर्तींकडे झुकणारा. आणि सुंता न झालेला! हे शेवटचं लोकांच्या डोळ्यांत सर्वाधिक खुपलं. अब्राहामाचा देवाशी झालेला करार ज्या खुणेने अंगावर येतो ती खूणच या ‘हिब्रू’ मूर्तीवर नव्हती. धार्मिक मंडळी संतापली, तरुण कलावंतांना मात्र ती हवीहवीशी वाटली. आज ती जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये आहे. पुतळ्यापेक्षा त्याच्याभोवतीचा वाद जास्त गाजला असं म्हणण्याचा मोह होतो, पण पुतळा खरोखरच चांगला आहे.

याच सुमारास वॉर्सात जन्मलेला कवी योनातान रातोश आणि त्याचे साथीदार एक अजब विचार मांडत होते. या भूमीत जन्मलेला तरुण हा ज्यू नाहीच, तो ‘हिब्रू’ आहे. त्याचे भाऊबंद युरोपातले रब्बी नसून प्राचीन कनानी आणि मेसोपोटेमियन लोक आहेत, असा तो विचार. विरोधकांनी त्यांना ‘कनानी’ म्हणून हिणवलं आणि तेच नाव त्यांना चिकटलं. निम्रोदाचा पुतळा त्यांचं चिन्हच होऊन बसला. राजकीय चळवळ म्हणून हा गट अगदीच लहान राहिला, निवडणुकीच्या हिशेबात शून्य. पण त्याची चव मात्र सगळ्या संस्कृतीत मुरली. आपण कनानी आहोत असं स्वप्नातही न वाटणाऱ्या किबुत्झ नावाच्या सामूहिक शेतवस्त्यांतल्या आणि शहरातल्या आईबापांनी मुलांची नावं निम्रोद ठेवली. रब्बींनी ज्या अर्थाने नाव टाकून दिलं होतं, त्याच अर्थाने ते उचललं गेलं: हिब्रूत ‘निम्रोद’ हे ‘आपण बंड करू’ असंच वाचता येतं.

पुढे १९६७ च्या युद्धात गोलान टेकड्या इस्रायलच्या ताब्यात गेल्या. तिथे हर्मोन पर्वताच्या उतारावर तेराव्या शतकातला अय्यूबी किल्ला आहे, अरबीत कलअत अस-सुबैबा. निम्रोद या किल्ल्यावर बसून हात लांबवायचा आणि खालच्या बनियासच्या झऱ्यातून पाणी घ्यायचा, अशी दंतकथा. किल्ला ‘मिव्त्सार निम्रोद’ म्हणून राष्ट्रीय उद्यान झाला आणि शाळेच्या सहलींतून नाव मुलांच्या तोंडी रुळलं. धार्मिक घरांत मात्र हे नाव अजूनही सहसा दिसत नाही.

इंग्रजीत या नावाचा प्रवास नेमका उलटा झाला. तिथे बदनामीपेक्षा ‘बलवान पारधी’ लक्षात राहिला. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स जेम्स ॲपर्ली हा शिकारीवर लिहिणारा ‘निम्रोद’ याच टोपणनावाने ओळखला जाई. शॅकल्टनचं १९०७ चं अंटार्क्टिकाला गेलेलं जहाज निम्रोद. इंग्रज संगीतकार एल्गारने १८९९ मध्ये मित्र येगर याच्यासाठी रचलेल्या संगीताला हेच नाव दिलं, कारण जर्मनमध्ये येगर म्हणजे शिकारी. अमेरिकेच्या डोंगराळ भागात तर ते साधं ख्रिस्ती नाव होतं. केंटकीत १८९५ मध्ये जन्मलेला खाणकामगार-गायक निम्रोद वर्कमन त्यांतलाच. मग कधीतरी शब्द घसरला. १९४८ च्या एका कार्टूनमध्ये डॅफी डक सदा फजिती होणाऱ्या शिकारी एल्मर फडला उपरोधाने निम्रोद म्हणतो. या घसरणीचं श्रेय लोक बग्ज बनी या कार्टून सशाला देतात, आणि उपहासाचा वापर त्याच्याही आधीचा आहे. पण मुलांना मूळ पारधी माहीतच नव्हता, त्यांनी अर्थ लावला तो ‘मूर्ख’. तेल अवीवमध्ये हे नाव रुबाबदार ठरत असतानाच अमेरिकन शाळांत ती शिवी झाली.

हंगेरीत या दोन्ही गोष्टींशी काही देणंघेणं नाही. तेराव्या शतकात केझाच्या शिमोनने लिहिलेल्या बखरीत हूण आणि मॅग्यार यांचे मूळपुरुष हुनोर व मागोर हे दोघे भाऊ ‘मेनरोत’ नावाच्या दांडग्या पुरुषाचे मुलगे आहेत. एका हरिणीचा पाठलाग करत ते नव्या देशात पोहोचतात. मेनरोत म्हणजेच निम्रोद. त्यामुळे हंगेरियन माणसाला निम्रोद हा पणजोबांचा पणजोबा, आणि ‘निम्रोद’ हे रीतसर मुलाचं नाव आहे. चित्रपट दिग्दर्शक निम्रोद अंताल हा अशाच हंगेरियन आईबापांच्या पोटी १९७३ मध्ये जन्मला. जन्मगाव लॉस एंजेलिस.