बॅकअप स्क्रिप्ट

संगणकातील निवडक डिरेक्टऱ्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर किंवा दुसऱ्या संगणकावर काढण्यासाठी लिहिलेली कमांडची छोटी फाइल. काय उचलायचे, कुठे ठेवायचे आणि प्रतीला नाव काय द्यायचे, एवढेच तिच्यात सांगितलेले असते. ती लिहायला दहा ओळी पुरतात. प्रत निघाली नाही तेव्हा ती गप्प बसू नये, यासाठी मात्र त्याहून जास्त ओळी लागतात.

युनिक्स परंपरेतले जुने साधन म्हणजे टार. चुंबकीय फितीसाठी बनवलेली ही कमांड १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आली. डिरेक्टरीतील सगळ्या फायली, त्यांच्या परवानग्या आणि तारखांसकट, ती एका फाइलीत बांधते. जीझिप ती फाइल दाबून लहान करते. प्रतीच्या नावात दिनांक वर्ष-महिना-दिवस असा घातला, की नावांची यादी आपोआप कालक्रमाने लागते.

रोज सगळेच पुन्हा बांधणे जड जाते तिथे आरसिंक वापरतात. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. फाइलीचा आकार आणि बदलाची वेळ जुळली तर आरसिंक तिला हात लावत नाही. जाळ्यावरून पाठवताना तर फाइलीचा बदललेला भागच पाठवते. त्याची एक खोड मात्र नवख्यांना हमखास छळते: मूळ डिरेक्टरीच्या नावाशेवटी तिरपी रेघ दिली तर आतला मजकूर जातो, नाही दिली तर डिरेक्टरी स्वतःच जाते. ‘डिलीट’ हा पर्याय त्याहून धोक्याचा. त्यामुळे प्रत मुळाबरहुकूम राहते खरी, पण आज चुकून पुसलेली फाइल रात्री प्रतीतूनही जाते. ‘लिंक-डेस्ट’ पर्यायाने रोजची वेगळी डिरेक्टरी करता येते. न बदललेल्या फायली हार्ड लिंकने (आधीच साठवलेल्या फाइलीला दिलेल्या दुसऱ्या नावाने) जोडल्या जात असल्याने जागा फारशी लागत नाही.

विंडोजमध्ये हेच काम रोबोकॉपी करते. व्हिस्टापासून ती मूळ प्रणालीतच मिळते. तिचा परतीचा आकडा (काम संपल्यावर कमांड निकाल म्हणून कळवते तो) ८ पेक्षा कमी असेल तर प्रत निघालेली असते, त्यामुळे ‘शून्य नाही म्हणजे बिघाड’ हा नेहमीचा हिशेब इथे चालत नाही.

युनिक्स आणि लिनक्सवर ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवण्याचे वेळापत्रक क्रॉन हा प्रोग्रॅम सांभाळतो. टर्मिनलवर नीट चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये अडते, कारण तिथे कमांड शोधण्याचे मार्ग मोजकेच दिलेले असतात. शिवाय क्रॉनटॅबच्या (क्रॉनचे वेळापत्रक लिहिलेल्या फाइलीच्या) ओळीत % या चिन्हाचा अर्थ नवी ओळ असा होतो आणि हेच चिन्ह वापरणारी दिनांकाची कमांड तिथेच तुटते. म्हणून सगळे स्क्रिप्टमध्ये लिहून क्रॉनटॅबमध्ये फक्त तिचा पत्ता द्यावा.

सर्वांत फसवी चूक बाहेरच्या डिस्कची. ती जोडलेली नसली तरी ती जिथे जोडतात ती रिकामी डिरेक्टरी जागेवर असते. स्क्रिप्ट तीत मुकाट्याने लिहीत राहते आणि प्रत मूळ डिस्कवरच साठते. लिनक्सवर ‘माउंटपॉइंट’ कमांडने आधी खात्री करता येते. चालू डेटाबेसच्या फायली थेट उचलल्या तर प्रत अर्धवट बदललेल्या अवस्थेतली निघू शकते. म्हणून आधी डंप (डेटाबेसनेच वेगळ्या फाइलीत काढून दिलेली माहिती) काढून त्याचीच प्रत घेतात.

प्रत उपयोगी आहे का, हे ती उघडून पाहिल्यावरच कळते. ग्नू टार (लिनक्सवर सहसा असते ती टारची आवृत्ती) बांधतानाच पत्त्याच्या सुरुवातीची तिरपी रेघ काढून टाकते, त्यामुळे फायली आपण उभे असू त्या डिरेक्टरीखाली उलगडतात आणि चालू फायलींवर पडत नाहीत. रूट, म्हणजे सर्वांत वरच्या, डिरेक्टरीत उभे राहून उलगडल्या तर मात्र पडतात.