ठाण्याचे 45 अंश: कॅरॅव्हॅनच्या डिशचा तिसरा कोन

कॅरॅव्हॅनमध्ये टीव्ही हवा म्हटलं की ऑनलाइन बाजार लगेच ‘500 किलोमीटर रेंज’ची चपटी अँटेना समोर ठेवतो. हा दावा पृथ्वीच्या गोलाईलाच मान्य नाही. वरळीचा दूरदर्शन मनोरा सुमारे 300 मीटर उंच आहे. वातावरणात किंचित वाकणाऱ्या रेडिओलहरींचं क्षितिज काढायला मीटरमधल्या उंचीच्या वर्गमूळाला 4.12 ने गुणायचं, की उत्तर किलोमीटरमध्ये येतं. मनोऱ्याचे 71 किलोमीटर आणि टपावर 3 मीटर उंचीच्या अँटेनाचे 7, एकूण 78. तेही मध्ये काही आडवं नसेल तर. गाडी पारसिक किंवा खारघरच्या डोंगराआड उभी असेल तर त्यातलंही फारसं हाती लागत नाही. शिवाय दूरदर्शनची जुनी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रं आता बहुतेक बंद झाली आहेत.

फिरत्या गाडीसाठी भरवशाचा मार्ग डीडी फ्री डिशचा. मासिक शुल्क नाही, आणि तिचे चॅनेल पाठवणारा जीसॅट-15 हा उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्तापासून सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर कायम एकाच जागी दिसतो. डिश लावणारा दोन कोनांची काळजी घेतो: कोणत्या दिशेला आणि किती वर. तिसरा कोन एलएनबीच्या, म्हणजे डिशसमोर दांड्यावर बसवलेल्या लहरी पकडणाऱ्या भागाच्या, तिरकेपणाचा, आणि ठाणे-नवी मुंबईत नेमका तोच सगळ्यात जास्त नडतो.

आधी पहिले दोन. ठाण्यातून उपग्रहाचा दिगंश (उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेली दिशा) 131 अंश आहे, म्हणजे जवळजवळ आग्नेय, आणि उन्नतांश (क्षितिजापासून वरचा कोन) 57.5 अंश. नवी मुंबईतही जवळपास हेच आकडे येतात. आग्नेयेला काय असावं याबद्दल वास्तुशास्त्र बरंच सांगतं, पण डिशची दिशा आपल्या अक्षांश-रेखांशांवरून आणि उपग्रहाच्या जागेवरूनच ठरते, त्यात शुभ-अशुभ असं काहीच नाही. होकायंत्र गाडीपासून तीन-चार मीटर लांब धरा. पत्र्याजवळ ते चुकतं, मोबाइलमधलंही. उन्नतांश एवढा मोठा असल्यामुळे झाडांचा त्रास कमी: डिशपेक्षा 10 मीटर उंच झाडापासून साडेसहा मीटर दूर राहिलात तरी आकाश मोकळं मिळतं. आपल्याकडच्या डिश ऑफसेट प्रकारच्या, म्हणजे एलएनबी मध्यभागी नसून खालच्या बाजूला असलेल्या, असतात, त्यामुळे 57.5 अंश वर पाहणारी डिश डोळ्यांना बरीच उभी दिसते. डोळ्यांवर विसंबू नका, ब्रॅकेटवरची पट्टी वाचा.

आता तिसरा कोन. उपग्रहाकडून येणारी लहर एका ठरावीक प्रतलात कंप पावते. यालाच ध्रुवण म्हणतात. एकाच वारंवारतेवर उभ्या ध्रुवणात एक आणि आडव्या ध्रुवणात दुसरा संदेश पाठवता येतो. सेट टॉप बॉक्स एलएनबीला 13 व्होल्ट देतो तेव्हा उभं ध्रुवण निवडलं जातं, 18 व्होल्टला आडवं. मात्र उपग्रहाचं ‘उभं’ पृथ्वीच्या उत्तर-दक्षिण अक्षाला समांतर असतं, आणि आपलं ‘उभं’ म्हणजे ओळंब्याची दोरी. 93.5 रेखांशावर उभ्या असलेल्या माणसाला या दोन्हींत फरक दिसत नाही. त्या रेखांशापासून पश्चिमेला सरकत गेलं की उपग्रहाचं उभं आपल्याला कलंडलेलं दिसू लागतं. हिशोब असा: तिरकेपणाचा टॅन म्हणजे रेखांशांतल्या फरकाचा साइन भागिले अक्षांशाचा टॅन. ठाण्यासाठी फरक 20.5 अंश आणि अक्षांश 19.2 अंश. दोन्ही किमती जवळजवळ 0.35 येतात, भागाकार 1, आणि कोन 45 अंश.

45 हा फार वाईट आकडा. एलएनबी सरळ ठेवला तर हव्या त्या ध्रुवणाची निम्मी शक्तीच मिळते आणि नको त्या ध्रुवणाचीही निम्मी आत येते. त्याच वारंवारतेवर उलट ध्रुवणात दुसरा संदेश असेल, तर मीटरवर ‘स्ट्रेंथ’ भरपूर दिसते आणि ‘क्वालिटी’ ढासळते. कारण स्ट्रेंथमध्ये गोंगाटही मोजला जातो. इथे बूस्टर (संदेश मोठा करणारं यंत्र) लावला तर दोन्ही सारखेच मोठे होतात, उपयोग शून्य. कोन 10 अंशांनी चुकला तर परकी शक्ती फक्त 3 टक्के आत येते, 20 अंशांनी चुकला तर 12 टक्के. आणि एलएनबी उलट्या बाजूला 45 अंश फिरवला तर चूक पूर्ण 90 अंशांची होते: उभ्याच्या जागी आडवं. म्हणजे चुकीच्या बाजूला फिरवण्यापेक्षा न फिरवणं बरं.

बरोबर बाजू अशी: डिशच्या मागे, उपग्रहाकडे तोंड करून उभे राहा आणि एलएनबी घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवा. केबलचं तोंड सहावरून साडेचारच्या जागी, खाली उजवीकडे येतं. मग दोन-दोन अंश मागे-पुढे करून क्वालिटी जिथे सर्वाधिक मिळेल तिथे क्लॅम्प आवळा.

पावसात हाच कोन पुन्हा आडवा येतो. मोठे थेंब चित्रात काढतात तसे टोकदार नसतात. हवेच्या दाबाने ते खालून चपटे होतात. त्यामुळे आडव्या कंपनाची लहर उभ्यापेक्षा जास्त क्षीण होते आणि जास्त मागे पडते. जमिनीच्या मानाने सरळ उभी किंवा आडवी लहर यातून फक्त क्षीण होते. 45 अंशांतल्या लहरीचे मात्र उभा आणि आडवा असे दोन समान घटक असतात. एक जास्त घटला की त्यांची बेरीज वळते आणि ध्रुवण बिघडतं. ही गळती नेमकी 45 अंशांवर कमाल असते. 60 ऐवजी 90 सेंटिमीटरची डिश साडेतीन डेसिबल वाढवून देते आणि क्षीणतेवर मात करते, पण ध्रुवणाच्या गळतीवर तिचा इलाज नाही. म्हणून कोन कोरड्या हवेत काटेकोर लावून घ्या, पावसाच्या चुकीत आपली चूक मिसळू नका.

प्रवासात आकडे बदलतात, आणि इथे एक गंमत आहे. मालवण आणि नागपूर दोन्हीकडे उन्नतांश सुमारे 60 अंशच आहे. पण मालवणला दिगंश 127 आणि तिरकेपणा 50, तर नागपूरला दिगंश 145 आणि तिरकेपणा 33. उंचीची पट्टी न हलवताही बाकी दोन्ही कोन 17-18 अंशांनी सरकतात.

डिश टपावर नको, जमिनीवर तिवईवर ठेवा. 60 सेंटिमीटर डिशचा झोत जेमतेम 3 अंश रुंद असतो, म्हणजे मध्यापासून दीड अंश ढळलं की शक्ती निम्मी. दीड मीटर अंतरावरच्या चाकांपैकी एका बाजूचं स्प्रिंग 4 सेंटिमीटर दबलं तरी टपावरची डिश तेवढी कलते. तिवईचा खांब पाणसळीने उभा करा आणि मध्यभागी 20 लिटरचा पाण्याचा कॅन टांगा. केबल आरजी-6 (डिशची नेहमीची कोॲक्सियल केबल), शक्य तितकी छोटी. खाडीच्या हवेत केबलच्या टोकाचे एफ-कनेक्टर लवकर गंजतात, त्यावर रबरी सीलिंग टेप गुंडाळा. बॉक्स 12 व्होल्टचा असेल तरी थेट बॅटरीला जोडू नका. इंजिन चालू असताना ती 14 व्होल्टच्या वर जाते, म्हणून मध्ये 12 व्होल्टचा डीसी-डीसी कन्व्हर्टर हवा.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं चित्र गेलं तर डिशला हात लावू नका. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याचा गोंगाट एलएनबीत शिरतो. तो पुढे सरकला की चित्र आपोआप परत येतं.