झाडकामाचा दोर आणि ‘एक फिड’चा घोळ

तीन पेडांचा दोर होता तोवर स्प्लाइस, म्हणजे दोराचं टोक त्याच्याच अंगात गुंतवून गाठीशिवाय केलेला सांधा, बघून शिकता येत असे. टोकाचा पीळ उकलायचा, पेड सुटे करायचे आणि दोराच्या अंगातल्या पेडांखालून पिळाच्या उलट दिशेने एकेक ओवायचे. मनिलाच्या दोराला तीन वेळा ओवलं की भागायचं. जहाजावरची ही विद्या इंग्लंड-अमेरिकेतल्या झाडकामात, म्हणजे झाडावर चढून फांद्या छाटण्याच्या कामात, जशीच्या तशी आली.

बदल घडवला तो युद्धाने. मनिलाचा धागा फिलिपिन्समधून यायचा. 1942 मध्ये जपानने ती बेटं घेतली आणि अमेरिकेचा पुरवठा तुटला. 1935 मध्ये शोध लागलेलं नायलॉन दोरांत शिरलं, पुढे पॉलिस्टर आलं. युद्धानंतरच्या दोन दशकांत पीळ मागे पडून गोफासारखे विणलेले दोर पुढे आले. त्यातले काही आतून पोकळ, बारा पेडांचे. काही दुहेरी, म्हणजे आत एक गोफ आणि त्यावर दुसऱ्या गोफाची खोळ. अशा दोरात पेड ओवून भागत नाही. टोक दोराच्याच पोटात पुरावं लागतं. ताण आला की बाहेरची वीण आवळते आणि आतली शेपूट घट्ट धरते.

झाडावर याची गरज का पडली, तर गाठीमुळे दोराची ताकद एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत घटते, शिवाय गाठ बेचक्यात अडकते. चढणाऱ्याच्या दोराला कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) लावायची पद्धत रुळली, तसं टोकाला कायमचं, सडपातळ नेढं, म्हणजे दोराचाच बंद फासा, हवंसं झालं. नीट केलेल्या स्प्लाइसमध्ये दोराची बहुतेक सगळी ताकद टिकते.

आता ‘फिड’. नवशिक्यांचा जितका वेळ या एका शब्दापायी जातो, तितका क्वचितच आणखी कशात जात असेल. खलाशांचा फिड म्हणजे कठीण लाकडाचा निमुळता सुळका, पेडांत फट पाडण्यासाठी. त्याच्या लांबीला काही अर्थ नव्हता. दुहेरी गोफ आला तेव्हा पोकळ नळीसारखी सुई निघाली. तिच्या मागच्या तोंडात दोराचं टोक खोचून ते पोटातून ओढून न्यायचं. दोराच्या प्रत्येक जाडीला वेगळी सुई असल्याने कृतीतली मापंही तिच्याच लांबीत सांगितली गेली. अशा रीतीने अवजाराचं नाव माप झालं. एक फिड म्हणजे दोराच्या व्यासाच्या साधारण 21 पट. 12 मिमीच्या दोराला 252 मिमी. दुहेरी गोफात टोकापासून एक फिडवर पहिली खूण येते. गाभा, म्हणजे आतला गोफ, जिथून बाहेर काढायचा तिथून पाच फिड, म्हणजे सव्वा मीटर, मागे एक सैल गाठ मारतात, कारण ती नसेल तर गाभा आत सरकतो.

घोळ तिथून पुढे. बाजारात फिड नावाने मिळणारी प्रत्येक सुई एक फिड लांबीची नसते. जुन्या ब्रिटिश पुस्तकांत दोराचं माप घेराचं असे, त्यामुळे तिथला ‘तीन इंची’ दोर प्रत्यक्षात जेमतेम 24 मिमी जाड असतो. शिवाय पोकळ दोराच्या काही कृती फिडमध्ये सांगतात, तर काही व्यासाच्या पटीत. निसरड्या पॉलिइथिलीनच्या दोरात शेपूट व्यासाच्या 72 पट पुरा असं एक जण सांगतो आणि साडेतीन फिड पुरा असं दुसरा. दोन्ही जवळपास एकच. पण 12 मिमीच्या दोरावर 10 मिमीची सुई धरून साडेतीन फिड मोजले, तर शेपूट 147 मिमी आखूड पडते. नेढं वरून तितकंच सुबक दिसतं. माझ्या मते शिकवताना फिड हा शब्द अवजारापुरताच ठेवावा आणि मापं मिलिमीटरमध्ये द्यावीत.

हातात धरून बघावा असा टप्पा शेवटचा. गोळा झालेली खोळ धार काढताना आचळ ओढतात तशी गाठीपासून नेढ्याकडे पुन्हा पुन्हा ओढत आणायची. सांध्याची जाड जागा हळूहळू खोळीत नाहीशी होते. वापरलेल्या दोराची खोळ मातीने आणि चिकाने ताठ झालेली असते, ती अशी सरकत नाही, म्हणून शिकायला नवा दोर घ्यावा. पुरलेलं टोक ताणाखाली घट्ट राहतं, पण ढिल्या दोराला झटके बसले की निसटू शकतं. म्हणून घशाशी, म्हणजे नेढं जिथे मिटतं तिथे, आरपार टाके घालतात.

असा स्वतः केलेला स्प्लाइस जिवाच्या दोराला चालावा का, यावर एकमत नाही. अमेरिकेतल्या सुरक्षा मानकात दोर बनवणाऱ्याच्या सूचनांप्रमाणे केलेला चालतो. युरोपात उंचीवरून पडण्यापासून वाचवणाऱ्या साधनाला विक्रीपूर्वी त्रयस्थ तपासणी लागते. अशा साधनांबद्दलच्या 1989 च्या युरोपीय निर्देशाची जागा घेणारा नियम 21 एप्रिल 2018 पासून लागू आहे. त्यामुळे तिथे कारखान्यात शिवलेली किंवा प्रमाणित नेढीच जास्त दिसतात आणि हाताने केलेले स्प्लाइस मुख्यतः फांद्या उतरवायच्या दोरांवर उरले आहेत.