वर्गात ठरवून घातलेलं भांडण

पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला मी बातमीलेखन शिकवते. सत्र सुरू होऊन महिना झाला की एके दिवशी, इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, कसा लिहायचा हे सांगत असताना, वर्गाचं दार धाडकन उघडतं आणि वरच्या वर्गातली दोन मुलं भांडत आत येतात. एकाच्या पायात झिजलेल्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. दुसऱ्याचा इस्त्रीचा शर्ट नीट खोचलेला. ‘फोन दे’, ‘कसला फोन’, अशी बाचाबाची होते, दारातच धक्काबुक्की होते, टेबलावरची पाण्याची बाटली पडते आणि दोघं निघून जातात. सगळा प्रकार अर्ध्या मिनिटाचा. मुलं भांबावलेली असतानाच मी सांगते, ‘वीस मिनिटं आहेत. दीडशे शब्दांत बातमी द्या.’

भांडण अर्थातच ठरवलेलं असतं. मुलांना नंतर गंमत वाटते. काही पालकांना आणि एखाद्या सहकाऱ्यालाही हा वेळकाढूपणा वाटतो. म्हणूनच या प्रयोगामागचा इतिहास सांगावासा वाटतो. तो पत्रकारितेच्या वर्गात सुरू झालेला नाही. त्याचं मूळ कायद्याच्या वर्गात आहे.

विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बर्लिन विद्यापीठात फ्रान्झ फॉन लिस्ट हे फौजदारी कायद्याचे नामवंत प्राध्यापक होते. त्यांच्या वर्गात एका पुस्तकावर चर्चा चालू होती. एक विद्यार्थी म्हणाला, या प्रश्नाकडे मला ख्रिस्ती नीतीच्या बाजूने पाहायचं आहे. दुसरा उसळला, हे ऐकून घेणार नाही. शब्दाला शब्द लागला आणि पहिल्याने रिव्हॉल्व्हर काढलं. लिस्ट मध्ये पडले, झटापटीत बार उडाला. वर्गात एकच गोंधळ झाला. मग लिस्टनी मुलांना शांत केलं आणि काय पाहिलं ते सांगायला लावलं. काहींनी लगेच लिहिलं, काहींनी काही दिवसांनी, काहींची न्यायालयात होते तशी उलटतपासणी झाली. भांडणातलं वाक्य न् वाक्य आधीच बसवलेलं असल्यामुळे प्रत्येक साक्ष पडताळून पाहता आली. ज्याच्या चुका सर्वांत कमी, त्याच्याही 26 टक्के निघाल्या. सर्वांत जास्त, 80 टक्के. जे गप्प बसून बघत होते त्यांच्या तोंडी वाक्यं घातली गेली होती, आणि प्रत्यक्ष घडलेल्या ठळक गोष्टी काहींच्या आठवणीतून साफ पुसल्या गेल्या होत्या. भांडण तापल्यानंतरच्या भागात चुका आणखी वाढल्या होत्या. बातमीदार नेमका त्याच भागाला मथळा देतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

हार्वर्डमधले मानसशास्त्रज्ञ ह्युगो म्युन्स्टरबर्ग यांनी 1908 मध्ये साक्षीदारांवरच्या आपल्या पुस्तकात हा प्रसंग सविस्तर सांगितला, आणि तो कायद्याच्या वर्तुळाबाहेर पोचला.

त्याच वर्षी अमेरिकेतच, मिझुरी विद्यापीठात पत्रकारितेचं स्वतंत्र विद्यालय सुरू झालं. प्रमुख होते वॉल्टर विल्यम्स. ते स्वतः कधी कॉलेजात शिकलेले नव्हते, छापखान्यात आणि संपादकाच्या खुर्चीत घडले होते. 14 सप्टेंबर 1908 रोजी, म्हणजे वर्ग भरले त्याच दिवशी, विद्यार्थ्यांनी काढलेला ‘युनिव्हर्सिटी मिझुरियन’चा पहिला अंक बाहेर पडला. आधी वर्षभर व्याख्यानं आणि मग प्रात्यक्षिक, असा क्रम त्यांनी ठेवलाच नाही. आज आपल्याकडे कॉलेजं ‘लॅब जर्नल’, म्हणजे विद्यार्थ्यांनी सरावासाठी तयार केलेला अंक, काढतात, त्या कल्पनेमागे ही परंपरा आहे. मात्र पुष्कळ ठिकाणी तो अंक परीक्षेच्या तोंडावर, गुणांपुरता निघतो. मिझुरियन गावासाठी होता आणि रोजच्या रोज निघायचा.

लिहायला तर हात बसला, पण डोळ्यांचं काय? हा प्रश्न नेमका विचारला अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी. 1920 मध्ये त्यांनी सहकारी पत्रकार चार्ल्स मर्झ यांच्याबरोबर ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे मार्च 1917 पासूनचे तीन वर्षांचे अंक तपासले. रशियातली बोल्शेविक सत्ता कोसळली किंवा कोसळायच्या बेतात आहे, असं त्यात 91 वेळा छापून आलं होतं. ती कोसळली नव्हती. बातमीदारांनी खोटं लिहायचं ठरवलं होतं, असा लिपमन यांचा आरोप नव्हता. जे व्हावंसं वाटत होतं तेच त्यांना दिसत होतं, हे त्यांचं म्हणणं. पत्रकारितेच्या शिक्षणात निःपक्ष साक्षीचा आदर्श केंद्रस्थानी हवा, हा आग्रह त्यांनी त्याच वर्षी मांडला.

1922 च्या ‘पब्लिक ओपिनियन’मध्ये त्यांनी बर्लिनसारखाच आणखी एक प्रयोग सांगितला. जर्मनीतल्या गॉटिंगेनला मानसशास्त्रज्ञांची परिषद भरली होती. जवळच वेषधारी नाच चालू होता. अचानक दार उघडून एक विदूषक आत धावला, मागोमाग रिव्हॉल्व्हर घेतलेला एक काळा माणूस. झटापट, गोळी, आणि दोघं पसार. जेमतेम वीस सेकंद. जमलेल्यांकडून लेखी जबाब घेतले गेले, चाळीस आले. मुख्य गोष्टींत 20 टक्क्यांहून कमी चुका असलेला जबाब फक्त एक होता. तेरा जणांच्या जबाबात तर निम्म्याहून जास्त चुका. आणि ही माणसं निरीक्षणाचं शास्त्र शिकलेली! लिपमन यांचा निष्कर्ष असा की आपण आधी पाहून मग ठरवत नाही, बहुतेक वेळा आधी ठरवतो आणि मग पाहतो. ठोकळेबाज समजुतीसाठी ‘स्टिरिओटाइप’ हा छापखान्यातला शब्द त्यांनी रूढ केला, तो याच विवेचनात.

भारतात पत्रकारितेचं विद्यापीठीय शिक्षण आलं ते पुष्कळसं मिझुरीच्याच वळणाने. 1941 मध्ये लाहोरला पंजाब विद्यापीठात विभाग सुरू करणारे पी. पी. सिंग मिझुरीत शिकून आले होते. फाळणीनंतर तो विभाग दिल्लीला आणि पुढे चंडीगडला गेला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात 1952 मध्ये पत्रकारितेचा विभाग उभा राहिला, त्यामागे सिराक्यूज विद्यापीठातून आलेले रोलंड वूल्सली होते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत विद्यापीठाचा विभाग 1964 पासून. त्याच्याही कितीतरी आधी, 1832 मध्ये ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर पुढे एल्फिन्स्टनमध्ये शिकवत होते, म्हणजे मराठीतला पहिला संपादक शिक्षकही होता.

लॅब जर्नल, मॉक पत्रकार परिषद, कॅम्पस रेडिओ हे सगळं आपल्याकडे आलं आणि रुळलं. साक्ष तपासण्याचा हा प्रयोग मात्र एकेका शिक्षकाच्या हौसेवर राहिला, कारण त्याला गुण देता येत नाहीत.

मी तो घेते तेव्हा काही पथ्यं पाळते. शस्त्र नाही, अगदी खेळण्यातलंही नाही. जात-धर्मावरून एक शब्द नाही. शिपाईमामा आणि शेजारच्या वर्गातल्या बाईंना आधी सांगून ठेवते. ‘कोण, काय, कधी, कुठे, का, कसे’ असे सहा रकाने फळ्यावर आखते आणि मुलांच्या बातम्यांतला तपशील त्यात भरत जाते. शर्टाचा रंग तीन प्रकारचा निघतो, वेळ पंधरा सेकंदांपासून पाच मिनिटांपर्यंत पसरते. तो भाग हसण्यावारी जातो. ‘कोण’च्या रकान्याशी आलो की वर्ग गप्प होतो. झिजलेल्या चपलांच्या मुलाने फोन चोरला, असं बहुतेकांनी लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ‘फोन दे’ म्हणत तोच मागे लागलेला असतो.

हल्ली भांडण सुरू होताच मुलांचे मोबाइल वर येतात. व्हिडिओ असल्यामुळे चूक होणार नाही, असं त्यांना वाटतं. पण खिशातून मोबाइल काढून कॅमेरा सुरू होईपर्यंत दारातला पहिला धक्का होऊन गेलेला असतो. तो इस्त्रीच्या शर्टवाल्याने दिलेला. व्हिडिओत दिसतो तो पिशवीवाल्याचा उगारलेला हात.

म्हणून अलीकडे मी एक भर घातली आहे. बातम्या गोळा केल्या की त्या दोन मुलांना परत बोलावते, समोर खुर्च्यांवर बसवते आणि वर्गाला प्रश्न विचारू देते. पहिला प्रश्न जवळजवळ दर वर्षी तोच येतो. ‘फोन कुणाचा होता?’