घर मिळण्याचा हक्क आणि मिश्र वस्ती टिकवण्याचे काम

अमेरिकेतील वंशभेदाविषयीच्या लिखाणात दोन वेगळ्या गोष्टी अनेकदा एकाच नावाखाली येतात. एक म्हणजे, कोणत्याही वंशाच्या माणसाला ऐपतीप्रमाणे हव्या त्या वस्तीत घर घेता यावे किंवा भाड्याने राहता यावे. दुसरी म्हणजे, गोरे आणि कृष्णवर्णीय एकमेकांचे शेजारी झाल्यानंतर ती वस्ती वीस-तीस वर्षांनीही मिश्रच असावी आणि तिथल्या सोयी, शाळा व निर्णय यांत सर्वांचा वाटा असावा. पहिली साधली की दुसरी आपोआप येईल, असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात पहिली कायद्याने दिली, दुसरी शेजाऱ्यांना एकत्र येऊन उभी करावी लागली आणि काही ठिकाणी तर या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड आल्या.

पहिली गोष्ट समजून घ्यायची तर आधी अडथळे कोणते होते ते पाहावे लागते. अमेरिकेतील अनेक वस्त्यांच्या खरेदीखतांत, हे घर कृष्णवर्णीयांना विकता येणार नाही, अशी अट स्पष्ट लिहिलेली असे. 1948 साली ‘शेली विरुद्ध क्रेमर’ खटल्यात अशा अटींची अंमलबजावणी न्यायालये करू शकणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. मात्र 1930 च्या दशकात सरकारी यंत्रणेने शहरांचे जे नकाशे केले होते, त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या धोक्याच्या म्हणून लाल रंगात दाखवल्या होत्या. तेथे घरासाठी कर्ज मिळणे पुढेही दुरापास्तच राहिले, आणि गोऱ्या वस्त्यांतील इस्टेट एजंट कृष्णवर्णीय ग्राहकाला घर दाखवायलाच तयार नसत. अखेर एप्रिल 1968 मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी फेअर हाउसिंग कायद्यावर सही केली. वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ देश यांवरून घर विकणे, भाड्याने देणे किंवा कर्ज देणे नाकारता येणार नाही, हा त्याचा गाभा आहे.

या कायद्याचे काम एका व्यक्तीच्या तक्रारीवर चालते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ‘जागा गेली’ असे सांगून परत पाठवलेल्या माणसाला आपल्याशी भेदभाव झाला हे सिद्ध करायचे असते आणि तेच सर्वांत कठीण असते. त्यासाठी गृहहक्क संस्थांनी एक पद्धत रूढ केली. सारखेच उत्पन्न आणि सारखीच गरज सांगणारे दोन स्वयंसेवक, एक गोरा व एक कृष्णवर्णीय, त्याच कचेरीत थोड्या वेळाच्या अंतराने जातात आणि प्रत्येकाला काय सांगितले गेले याची लगेच नोंद करतात. अशा पडताळणीत खोटी माहिती मिळालेल्या स्वयंसेवकालाही दावा लावता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली ‘हेवन्स रिअल्टी’ खटल्यात मान्य केले. हे काम कष्टाचे आहे, पण त्याची कसोटी सरळ आहे: समोरच्याला घर नाकारले की नाही.

दुसऱ्या गोष्टीची कसोटी इतकी सरळ नाही आणि तिच्यातील अडचण पहिल्यापेक्षा अगदी निराळी आहे. शिकागोच्या पश्चिम भागात 1950 आणि 1960 च्या दशकांत दलालांनी एक धंदा मांडला होता. रस्त्यावर एखादे कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आले की हे दलाल आसपासच्या गोऱ्या घरमालकांना फोन करीत, दारात जाऊन भेटत आणि ‘आत्ता विका, पुढच्या वर्षी निम्मी किंमतही येणार नाही’ अशी भीती घालीत. काही वेळा तर एखाद्या कृष्णवर्णीय बाईला पैसे देऊन बाबागाडी घेऊन त्या रस्त्यावरून फिरायला सांगितले जाई. घाबरलेल्यांकडून घर स्वस्तात घ्यायचे आणि ज्यांना बँका कर्ज देत नव्हत्या त्या कृष्णवर्णीय कुटुंबांना ते फार चढ्या भावाने, हप्त्यांच्या करारावर विकायचे. त्या करारात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी दलालाकडेच राही, त्यामुळे एखादा हप्ता चुकला तरी घर आणि भरलेले पैसे दोन्ही जात. अशा रीतीने काही वर्षांत सबंध वस्ती गोऱ्यांची होती ती कृष्णवर्णीयांची झाली. नव्याने आलेल्यांना घर मिळाले, हे खरे. पण मिश्र वस्ती कुणालाच मिळाली नाही आणि लुबाडणूक दोन्हीकडच्यांची झाली, त्यातही कृष्णवर्णीयांची कितीतरी अधिक.

शिकागोच्या पश्चिम सीमेला लागून असलेले ओक पार्क हे गाव हे सगळे पाहत होते. या गावाचा स्वतःचा इतिहासही स्वच्छ नव्हता. नामवंत कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ पर्सी जूलियन यांनी 1950 साली तेथे घर घेतले तेव्हा, कुटुंब राहायला येण्यापूर्वीच, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ते जाळण्याचा प्रयत्न झाला आणि पुढच्या वर्षी घरावर डायनामाइट फेकले गेले. त्याच वेळी काही शेजारी त्यांच्या बाजूने उभे राहिले, हेही नोंदवले पाहिजे. मे 1968 मध्ये गावाने स्वतःचा गृहसमानतेचा नियम केला. येथपर्यंतची वाटचाल पहिल्या प्रकारची होती. मात्र सीमेपलीकडच्या, शिकागोतील ऑस्टिन भागातील घरे भराभर एका वंशाकडून दुसऱ्याकडे जात होती, आणि दार उघडे ठेवले एवढ्यावरच भागणार नाही, हे ओक पार्कच्या रहिवाशांच्या लक्षात आले.

1972 साली रॉबर्टा रेमंड यांच्या पुढाकाराने ओक पार्क हाउसिंग सेंटर सुरू झाले. भाड्याचे घर शोधणारे लोक तेथे येत आणि त्यांना सहसा ते ज्या भागाचा विचारही करणार नाहीत तो भाग मुद्दाम दाखवला जाई. गोऱ्या भाडेकरूंना ऑस्टिनलगतच्या पूर्वेकडील इमारती, तर कृष्णवर्णीयांना गावाच्या इतर भागांतील. निवड शेवटी ज्याची त्यानेच करायची. त्याच वर्षी घरांसमोर ‘विकणे आहे’ अशी पाटी लावण्यास गावाने बंदी केली, कारण एका रस्त्यावर अशा चार पाट्या दिसल्या की पाचवा घरमालक घाबरून विकायला निघे. 1977 साली न्यू जर्सीतील विलिंगबरो गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा बंदीला अभिव्यक्तिस्वातंत्र्याविरुद्ध ठरवले. तरीही ओक पार्कमधील एजंट आपणहून पाट्या न लावण्याचा संकेत पाळत राहिले. घराची किंमत घसरेल या भीतीवर उपाय म्हणून गावाने 1970 च्या दशकाच्या अखेरीस एक हमी योजना आणली. नाव नोंदवून पाच वर्षे राहिलेल्या मालकाला घर तोट्यात विकावे लागले तर तोट्याचा 80 टक्के भाग भरून देण्याचे ते वचन होते. ही योजना मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण शेजाऱ्यांच्या भीतीला उपदेशाने नव्हे, तर लेखी हमीने उत्तर देण्याचा तो प्रयत्न होता. गावाची नवी मुख्य कचेरीही 1975 साली ऑस्टिनच्या बाजूला, पूर्वेकडे बांधली गेली. गावाने त्या भागाकडे पाठ फिरवलेली नाही, हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसावे, हा त्यामागचा विचार होता.

ओहायोमधील शेकर हाइट्स आणि क्लीव्हलँड यांच्या सीमेवरील लडलो वस्तीत हेच काम आणखी आधी सुरू झाले होते. तेथे 1956 च्या आरंभी एका कृष्णवर्णीय वकिलाच्या बांधकाम चालू असलेल्या घरात बाँबस्फोट झाला. त्यानंतर गोरे आणि कृष्णवर्णीय शेजारी एकमेकांच्या घरी बैठका घेऊ लागले आणि 1957 मध्ये लडलो कम्युनिटी असोसिएशन स्थापन झाली. वस्तीत घर घेणाऱ्या गोऱ्या कुटुंबांना सुरुवातीच्या रकमेसाठी कर्ज मिळावे अशी व्यवस्थाही या शेजाऱ्यांनी केली. दोन्ही गोष्टींमधला ताण उघडा पडतो तो इथेच. कर्ज केवळ गोऱ्यांना का, आणि वस्ती मिश्र राहावी म्हणून कृष्णवर्णीयांनी आपली संख्या आवरती घ्यायची का, असा प्रश्न असोसिएशनमधील कृष्णवर्णीय सदस्यांनाच बोचत होता. तो रास्त होता. पुढे 1986 साली शेकर हाइट्समध्ये उभारलेल्या निधीतून, ज्या भागात आपल्या वंशाचे लोक कमी आहेत तेथे घर घेणाऱ्या कोणालाही कर्ज मिळू लागले, मग तो गोरा असो वा कृष्णवर्णीय.

हा ताण कुठवर सहन करायचा याची सीमा न्यायालयांनी दोन खटल्यांत बरीच स्पष्ट केली आहे. ब्रुकलिनमधील स्टारेट सिटी या प्रचंड गृहसंकुलाने गोऱ्यांचे प्रमाण टिकावे म्हणून प्रत्येक वंशासाठी घरांचा कोटा ठरवला होता. त्यामुळे कृष्णवर्णीय अर्जदारांना गोऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक काळ प्रतीक्षायादीत थांबावे लागे. 1988 साली अपील न्यायालयाने हा कोटा फेअर हाउसिंग कायद्याचा भंग ठरवला. याउलट शिकागोच्या दक्षिणेकडील उपनगरांतील एका गृहहक्क संस्थेने कृष्णवर्णीय वस्तीतील घरांची जाहिरात गोऱ्या ग्राहकांपर्यंत मुद्दाम पोहोचवली, तेव्हा 1991 साली आणखी एका अपील न्यायालयाने ती वैध मानली, कारण त्यात कोणाला घर नाकारलेले नव्हते. नेहमी ज्यांच्यापर्यंत माहिती जात नसे त्यांनाही ती दिली होती, इतकेच. ही सीमा मला योग्य वाटते. मिश्र वस्तीसाठी निमंत्रण वाढवता येते, मात्र त्यासाठी कोणाचा हक्क कापता येत नाही.

या दोन्ही गोष्टी परस्परविरोधीच आहेत असा समज मात्र करून घेऊ नये. सॅन फ्रान्सिस्कोतील पार्कमर्सेड संकुलाचा मालक बिगरगोऱ्यांना जागा नाकारतो, अशी तक्रार तेथील दोन भाडेकरूंनी केली होती, एक गोरा आणि एक कृष्णवर्णीय. दोघांनाही स्वतःला घर मिळालेले होते, मग त्यांचे नुकसान काय, असा प्रश्न होता. मिश्र समाजात राहण्याचा लाभ हिरावला जाणे हेही नुकसान आहे आणि त्यासाठी शेजाऱ्याला दाद मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1972 साली एकमताने सांगितले. नाकारल्या गेलेल्या माणसाचा हक्क आणि वस्तीचे हित या निकालात एकत्र आले.

अमेरिकेत घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हा फरक लवकरच जाणवतो. ‘या भागात आपले लोक किती आहेत?’ किंवा ‘वस्ती कशी आहे?’ असे विचारले की एजंट उत्तर देण्याचे टाळतो, कारण वंश वा मूळ देश पाहून ग्राहकाला एखाद्या वस्तीकडे वळवणे कायद्याने निषिद्ध आहे. बोलणे मग ‘शाळा चांगली आहे का’ या प्रश्नावर येते, आणि शाळेच्या गुणांकावरून वस्ती निवडताना आपण नकळत वंशाच्याच जुन्या रेषा पाळत असतो. तेथे कायदा काही करू शकत नाही. ज्या गल्लीत घर घ्यायचे तेथील शेजाऱ्यांच्या समितीच्या बैठकीला जाणे आणि गोऱ्या आणि कृष्णवर्णीय अशा दोन्हीकडच्या पालकांशी बोलणे हा मार्ग अधिक उपयोगाचा आहे, असे माझे मत आहे.

शाळेच्या बाबतीत तर मिश्र वस्तीचे काम आजही अपुरे आहे. शेकर हाइट्सने 1970 साली, मुलांना दुसऱ्या भागातील शाळेत नेणाऱ्या ऐच्छिक बसव्यवस्थेतून प्राथमिक शाळांत मुले मिसळवली, तरी पुढच्या इयत्तांमध्ये प्रगत अभ्यासक्रमाच्या वर्गांत गोरी मुले आणि साध्या वर्गांत कृष्णवर्णीय मुले अशी विभागणी दशकानुदशके दिसत राहिली. पत्ता एक, शाळा एक, पण वर्ग वेगळा. तेथील शाळा प्रशासनाने 2020 साली मधल्या इयत्तांपासून नववीपर्यंतच्या बहुतेक विषयांत ही वर्गवारी काढून टाकली आणि सर्व मुलांना एकत्र बसवून प्रगत पातळीचे शिक्षण द्यायला सुरुवात केली. त्यावर पालकांमध्ये मतभेद झाले. हा प्रश्न फेअर हाउसिंग कायद्याच्या कक्षेत येत नाही. तो शाळा मंडळाच्या बैठकीत बसणाऱ्या शेजाऱ्यांनाच सोडवावा लागणार आहे.