एमसीएसई ते क्लाउड : प्रमाणपत्रांच्या वादाची पार्श्वभूमी

आयटीतल्या नोकरीला पदवी मोठी, प्रमाणपत्र की अनुभव, हा वाद जुना. इंदूरच्या मराठी घरांत आजही पहिला प्रश्न पदवीचा: बी.ई. की एम.सी.ए.? शहरातल्या आयटी कंपन्यांच्या पट्ट्यात, सुपर कॉरिडॉरवर, मुलाखत घेणारे मात्र कोणत्या प्रोजेक्टवर स्वतः काय केलंस, ते विचारतात. या दोन प्रश्नांच्या मधे प्रमाणपत्र येऊन बसलं ते १९९० नंतर. केंद्र सरकारच्या पुढाकाराने तेव्हा संगणकाच्या ओ, ए, बी, सी अशा स्तरांच्या परीक्षा सुरू झाल्या. बी लेव्हल सरकारी नोकरीसाठी एम.सी.ए.च्या बरोबरीची मानली गेली.

गर्दी खेचली ती मात्र कंपन्यांच्या परीक्षांनी. मायक्रोसॉफ्टची एमसीएसई, म्हणजे 'मायक्रोसॉफ्ट सर्टिफाइड सिस्टिम्स इंजिनिअर', त्यात आघाडीवर. ऑफिसांतले सर्व्हर चालवणाऱ्या विंडोज एनटी ४.० या प्रणालीवरची एमसीएसई म्हणजे सहा पेपर. पदवीची अट नाही, कामाचा दाखला नाही. बी.कॉम. झालेला मुलगाही बसू शके, हे तिचं मोठेपण, आणि त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. त्याच दाराने पाठांतरही शिरलं. आधी बसलेल्यांनी आठवून उतरवलेले प्रश्न, म्हणजे डम्प, घोकून लोक पास होऊ लागले. सर्व्हरला कधी हात न लावलेल्यांना 'पेपर एमसीएसई' हे नाव पडलं.

२००० मध्ये विंडोजची नवी आवृत्ती आली आणि कंपनीने जाहीर केलं: ३१ डिसेंबर २००१ पर्यंत नव्या परीक्षा द्या, नाहीतर एनटीवरची एमसीएसई रद्द. जुन्या प्रमाणपत्रधारकांना नव्या परीक्षेच्या चार मुख्य पेपरांऐवजी एक एकत्रित पेपर दिला. फुकट, पण एकदाच देता येणारा. यामुळे प्रमाणपत्राची पत टिकेल, असं समर्थकांचं म्हणणं. विरोधकांचा मुद्दा मला जास्त वजनाचा वाटतो. कित्येक ऑफिसांत अजून एनटीच चालू होती. ती रोज सांभाळणाऱ्याचं प्रमाणपत्र जाणार आणि डम्प घोकून नवा पेपर पास होणारा लायक ठरणार, हा सरळ अन्याय होता. ऑक्टोबर २००१ मध्ये कंपनीने माघार घेतली: जुनं प्रमाणपत्र कायम, फक्त कोणत्या आवृत्तीवरचं ते पुढे लिहायचं.

२०१२ मध्ये तीच चार अक्षरं दुसऱ्या अर्थाने परतली, 'सिस्टिम्स इंजिनिअर'च्या जागी 'सोल्यूशन्स एक्स्पर्ट'. बायोडाटात नुसतं एमसीएसई दिसलं की कुठलं, हे विचारावंच लागे. जानेवारी २०२१ अखेर तीही बंद झाली.

क्लाउडची, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकसेवांची, प्रमाणपत्रं आता बहुतेक मुदतीचीच असतात, काही तीन वर्षांची, काही एकाच वर्षाची. २००१ मध्ये जे लोकांनी हाणून पाडलं, ते पुढे बिनबोभाट रूढ झालं. एम.सी.ए.सुद्धा २०२०-२१ पासून तीनाची दोन वर्षांवर आली. आणि अनुभव? क्लाउडच्या परीक्षांच्या माहितीपत्रकात तो 'अपेक्षित' म्हणून छापलेला असतो, फॉर्म भरताना कुणी तपासत नाही. माहिती-सुरक्षेतली सीआयएसएसपी वेगळी. तिला पाच वर्षांचं काम लागतं आणि ते आधीच्या प्रमाणपत्रधारकाने तपासून दुजोरा द्यावा लागतो. संबंधित विषयातली पदवी असेल, तर त्यातलं एक वर्ष माफ होतं.