खोकल्याच्या तपासण्या : पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

"खोकल्याच्या सगळ्या टेस्ट करून टाका," असं आमच्या लॅबच्या काउंटरवर रोज कुणीतरी म्हणतं. आम्ही लगेच पावती फाडत नाही. आधी डॉक्टरांना एकच विचारा: रिपोर्ट आल्यावर औषध बदलणार आहे का? बदलणार नसेल, तर शंभर रुपयेही जास्तच झाले.

धडधाकट माणसाला चार दिवसांचा सर्दी-खोकला असेल, तर बहुतेक वेळा काहीच तपासायची गरज नसते. नाकातल्या स्वॅबवरून एकदम वीसेक जंतू शोधणारं पॅनल हजारो रुपयांचं. त्यातून विषाणूचं नाव कळतं, पण घरी बसून बरं होणाऱ्या पेशंटला औषध तेच मिळतं. वयस्कर माणसं, गरोदर बाई, मधुमेही, दमेकरी यांची गोष्ट वेगळी. फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत जास्त लागू पडतं, म्हणून त्यांनी ताप आल्याबरोबर डॉक्टर गाठावा. फ्लूची झटपट किट-टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त राहू नका, ती बऱ्याचदा चुकते.

दरावरून दर्जा ठरवू नका. कोविडच्या आरटी-पीसीआरला २०२० मध्ये सुरुवातीला ४५०० रुपये पडायचे, मार्च २०२१ अखेर महाराष्ट्रात त्याच तपासणीचा दर ५०० वर आला.

कोविडनंतर सीटीची सवयच लागली आहे. त्या काळात सरकारने एचआरसीटीला, म्हणजे छातीच्या बारकाईच्या सीटीला, २००० ते ३००० रुपयांची मर्यादा घातली होती, तीही मशीनप्रमाणे. साधा छातीचा एक्स-रे काहीशे रुपयांत होतो आणि किरणोत्सर्गही कितीतरी पट कमी. एक्स-रेमध्ये उलगडा झाला नाही, तर पुढे सीटी. महिनोन्‌महिने येणारी धाप आणि घरघर यांना मात्र स्पायरोमेट्री हवी, म्हणजे फुंकायची तपासणी. ते मशीन आमच्याकडे नाही, छातीच्या डॉक्टरांकडे मिळेल.

आता खरा मुद्दा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबी तपासलाच पाहिजे. सूक्ष्मदर्शकाखालची थुंकीची तपासणी सर्वांत स्वस्त, पण तिच्यात जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार असावे लागतात. सीबीनॅटला, म्हणजे थुंकीत टीबीच्या जंतूंचा जनुकीय अंश शोधणाऱ्या मशीनच्या तपासणीला, शे-सव्वाशे पुरतात. शिवाय रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, तेही दोनेक तासांत कळतं. आपल्या शेजारच्या गोव्यात तयार होणारं ट्रूनॅटही याच कामाचं. स्वस्त तपासणी निगेटिव्ह आली, मग दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स, पुन्हा एक्स-रे, बुडालेली हजेरी, आणि तोवर घरातल्यांना लागण. या सगळ्याची बेरीज करा, मग महाग काय ते कळेल.

खासगीत सीबीनॅटला दोन हजारांच्या आसपास लागतात, सरकारी क्षयरोग केंद्रात हीच तपासणी मोफत आहे. हे सांगून आमचं गिऱ्हाईक जातं, जाऊ दे. पण टीबीसाठी रक्तातली अँटिबॉडी तपासणी कुणी सुचवली, तर सरळ नाही म्हणा. ती भरवशाची नाही म्हणून सरकारने २०१२ मध्येच तिच्यावर बंदी घातली. हाताच्या कातडीत टोचायची मँटूची सुईसुद्धा लागण कधीतरी झाली एवढंच सांगते, आज आजार आहे की नाही ते नाही.

थुंकीतून रक्त पडत असेल किंवा बसल्या जागी दम लागत असेल, तर लॅबमध्ये येऊ नका, थेट दवाखाना गाठा.

आणि थुंकीच्या डबीबद्दल. लाळ आणून उपयोग नाही, चांगल्यातल्या चांगल्या मशीनलाही लाळेत टीबीचे जंतू सापडण्याची शक्यता कमीच. सकाळी साध्या पाण्याने चूळ भरा, उघड्यावर, घरच्यांपासून दूर उभे राहा, दोन-तीन खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून घट्ट बेडका काढा. चमचाभर पुरे. झाकण घट्ट लावून त्याच दिवशी आणा. लाळेची डबी आम्ही परत करतो, राग मानू नका. दुसऱ्या डबीचे पैसे घेत नाही.